पाणथळाच्या कागदावर सही

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आरक्षणाचं उत्तर आलं. सहा माणसं, पाच रात्री, पाणथळावरचं लाकडी विश्रामगृह, रोज पहाटे होडी. काही बदल असल्यास आज संध्याकाळी सहापर्यंत कळवावा.

थोरल्यानं ते दोनदा वाचलं. खालच्या मजल्यावर छपाईचं मशीन चालू होतं आणि त्याची थरथर जेवणाच्या टेबलावरच्या चमच्यांपर्यंत पोहोचत होती. घरानं ठरवलं होतं ते जंगल. डोंगरातलं जंगल, उघडी गाडी, बिबट्या. त्यावर तीन रविवार खर्ची पडले होते. पाणथळ पहिल्याच रविवारी, आईचं मत न धरता, चार विरुद्ध एक असं पडलं होतं आणि ते एक मत त्याच्या बायकोचं होतं.

"टिटवे," त्यानं हाक मारली. "तू नेमका कुठला कागद पाठवलास?"

त्याची सतरा वर्षांची मुलगी दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. ती बोलायला लागली की थांबत नसे, म्हणून घरात तिला टिटवीच म्हणत. आत्ता मात्र ती एकच वाक्य बोलली.

"आजीची सही होती तो."

या घरात कुठलाही कागद आधी फिरतो. वाणसामानाची यादी असो नाहीतर लग्नपत्रिकेचा मजकूर, प्रत्येक जण त्यावर आपापल्या शाईनं दुरुस्ती करतो. थोरल्याची निळी, सुनेची हिरवी, त्याच्या धाकट्या बहिणीची जांभळी, टिटवीची केशरी. जावयाला, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याला, अकरा वर्षांत शाई मिळालेली नाही, तो पेन्सिलीनं लिहितो. शेवटी कागद बाईंकडे, म्हणजे थोरल्याच्या आईकडे जातो. त्या लाल शाईनं 'वाचले' असं लिहून सही करतात आणि मग तो कागद फिरत नाही. खाली छापखान्यात हीच रीत पन्नास वर्षं चालत आली आहे. बाईंच्या सहीशिवाय मशीनवर काही चढत नाही आणि सही झालेल्या कागदात नंतर चूक सापडल्याचं कुणाला आठवत नाही.

"आजीच्या ट्रेमध्ये दोन कागद होते," टिटवी म्हणाली. "जंगलाचा आणि पाणथळाचा. सही पाणथळावर होती. मला वाटलं, आजीनं बदललं."

"आणि तू विचारलं नाहीस?"

"सही झाल्यावर तुम्ही कधी विचारता का?"

थोरला खुर्चीत बसला. त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती चौदा वर्षांचा असतानाची. आई तेव्हा छापखान्यात आलेल्या नव्या मुलांची परीक्षा घ्यायची. चांगल्या प्रुफात मुद्दाम एक चूक पेरायची आणि कोण पकडतं ते बघत बसायची. त्यानं ती एकदाही पकडली नव्हती.

"ती आपल्याला तपासतेय," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"तेच कळत नाहीये."

सून स्वयंपाकघरातून हात पुसत आली. ती शाळेत शिकवते आणि शाळेचं वेळापत्रकही तिच्याच हातचं असतं. पाणथळाचा कागद तिनं केला होता. कुणी कुठल्या होडीत बसायचं, जळवांसाठी लांब मोजे किती जोड, दुर्बीण कुणाकडे किती मिनिटं, सगळं हिरव्या शाईत. जंगल ठरल्यावर तो फाडायचा तिला धीर झाला नव्हता. तिनं तो ट्रेमध्ये खाली सरकवला होता. खालीच ना? तिला आता खात्री वाटेना.

"आईंनी माझा कागद घेतला?" तिनं विचारलं. चेहऱ्यावर हसू येऊ द्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण ते आलंच.

"तू एवढी खूश होऊ नकोस," थोरला म्हणाला. "धाकटी येतेय दुपारी."

*

धाकटी नवऱ्याबरोबर दोन वाजता आली. मशीन एक वाजताच बंद झालं होतं, त्यामुळे तिचा आवाज घरभर नीट ऐकू गेला.

"वहिनी, मी फक्त विचारते हां, आरोप नाही करत. ट्रेमध्ये वर कुठला कागद होता?"

"जंगलाचा."

"नक्की?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"अगं, हे काय कोर्ट आहे का?" सून म्हणाली. "वर ठेवला काय, खाली ठेवला काय! आई वाचूनच सही करतात ना? मी कागद बदलला असता तरी त्यांना कळलंच असतं की."

हा मुद्दा बिनतोड होता, आणि वकील असल्यामुळे धाकटीला तो लगेच समजला. बाई न वाचता सही करत नाहीत. मग त्यांनी वाचून केली. मग त्यांना पाणथळच हवं होतं. पण गेले तीन रविवार त्याच म्हणत होत्या, 'बिबट्याच्या शेपटीची लांबी मी कोशाच्या तीन आवृत्त्यांत दुरुस्त केली. आता एकदा ती शेपटी बघायची आहे.' छापखान्यानं काढलेला प्राण्यांचा कोश त्यांनी सहा वर्षं वाचला होता. चारशे बारा प्राण्यांची मापं त्यांना तोंडपाठ होती. त्यातला एकही त्यांनी उघड्यावर पाहिलेला नव्हता. शिवाय घाई त्यांचीच होती. सुट्टीपर्यंत थांबूया म्हटलं तर ऐकेनात. याच महिन्यात जायचं, शाळा बुडाली तरी चालेल. का, ते सांगत नव्हत्या.

"दादा, आई काहीतरी लपवतेय," धाकटी म्हणाली. "हल्ली ती माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. बोलताना माझ्या कानाकडे बघते. मी रोज साक्षीदार बघते रे. माणूस असं केव्हा बघतो ते मला कळतं."

"माझ्याही खांद्याकडे बघते," थोरला म्हणाला. "मला वाटलं, शर्टावर शाई सांडलीय."

"छापखान्याचं काही ठरवलंय का तिनं? कुणाच्या हाती द्यायचं वगैरे? सगळ्यांना एकत्र नेऊन तिथं सांगायचं असेल."

"त्यासाठी होडी कशाला लागते?"

"होडीतून उठून जाता येत नाही," सून म्हणाली. धाकटीनं तिच्याकडे चमकून पाहिलं. पाच मिनिटांपूर्वी त्या भांडत होत्या. आता एका बाजूला होत्या.

जावई खिडकीशी उभा राहून चष्मा पुसत होता. तो आल्यापासून तेच करत होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि त्याच्या चष्म्याच्या काचा नेहमी स्वच्छ असतात.

तीन आठवड्यांपूर्वी, दुकान बंद असतं त्या दिवशी, बाई एकट्या आल्या होत्या. नंबर वाढलाय म्हणाल्या. त्यानं त्यांच्यापुढे चौकोनांच्या जाळीचा तक्ता धरला आणि उजवा डोळा झाकायला सांगितला. डाव्यानं बघताना त्या म्हणाल्या, मधल्या रेघा वाकल्यात. मग डावा झाकला. उजव्यानं बघताना त्यांनी बोटानं तक्त्याचा मध्य चाचपला. मग म्हणाल्या, 'मधे काही छापलेलंच नाही.' डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तोच त्यांना घेऊन गेला. उजव्याचा मधला भाग गेला होता. डाव्याचा जाणार होता, किती दिवसांत ते डॉक्टर सांगू शकले नाहीत. कडेचं दिसत राहील, असं म्हणाले. परत येताना रिक्षात बाईंनी त्याच्याकडून वचन घेतलं. सहल होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही. बायकोलाही नाही.

त्यामुळे या घरात बाईंनी तो कागद वाचला नाही हे ओळखू शकेल असा माणूस तो एकटाच होता, आणि त्याला बोलता येत नव्हतं.

"जावईबापू, तुमचं काय मत?" थोरल्यानं विचारलं.

"पाणथळ बरंच आहे की."

धाकटी त्याच्याकडे वळली. "तू? परवापर्यंत तू बिबट्यासाठी भांडत होतास!"

"विचार केला मी. बिबट्या शोधावा लागतो. कुणीतरी बोट दाखवतं, तो बघ, त्या फांदीमागं. निम्म्या लोकांना दिसत नाही आणि तेही हो हो म्हणतात. पाणथळावर करकोचे हजारांनी उतरतात. आभाळ भरतं. आवाज केवढा असतो. शोधावं लागत नाही काही."

"हे तू कधी वाचलंस?"

"वहिनींच्या कागदात होतं."

सुनेनं अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. धाकटीनं त्याच नवऱ्याकडे संशयानं पाहिलं. थोरल्याला आता कोण कुणाच्या बाजूचं आहे हे समजेनासं झालं.

*

बाई तीन वाजता झोपेतून उठून बाहेर आल्या तेव्हा टेबलाभोवती सगळे बसले होते. त्यांना कान दिसले, खांदे दिसले, टेबलावरचे हात दिसले. चेहऱ्यांच्या जागी धुरकट डाग होते. एवढे सगळे एकदम गप्प झाले म्हणजे विषय आपणच, हे त्यांना डोळ्यांशिवायही कळलं.

"आई, बस," थोरला म्हणाला. "आरक्षणाचं उत्तर आलं."

"बरं झालं."

"तू हे का बदललंस?"

बाईंनी खुर्ची ओढली आणि सावकाश बसल्या. काय बदललं? गुरुवारी ट्रेमधला वरचा कागद त्यांनी उचलला होता. त्यावर हिरवं होतं, निळं होतं, जांभळं होतं. म्हणजे फिरून आलेला. भिंग खाली छापखान्यात राहिलं होतं आणि जिना उतरायचा कंटाळा आला होता. खाली कोपऱ्यात सहीची जागा असते, ती हाताला पाठ होती. सहलीच्या कागदात चूक राहिली तर कोण मरतंय, असा विचार केल्याचं त्यांना स्पष्ट आठवत होतं. तसा विचार त्यांनी पन्नास वर्षांत पहिल्यांदाच केला होता.

"विचार करूनच केलं," त्या म्हणाल्या.

"पण कारण?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"बघ! परीक्षा!" थोरला धाकटीला म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?"

बाई थांबल्या. तारीख असेल का? माणसं कमी-जास्त? त्यांना पुढचं वाक्य हवं होतं आणि ते दुसऱ्या कुणीतरी बोलायला हवं होतं.

"आई, तुम्हाला होडीत चढउतार जमेल ना?" सुनेनं विचारलं. "गुडघ्याचं म्हणते मी."

होडी. म्हणजे पाणथळ. म्हणजे सुनेचा कागद. म्हणजे बिबट्या गेला.

बाईंनी हात मांडीवर घेतले.

"जमेल. तुझ्या कागदात लिहिलंयस ना, कुणी कुणाचा हात धरायचा ते," त्या म्हणाल्या. लिहिलं असणार, सून तशीच होती.

"हो, लिहिलंय! तुमचा हात टिटवी धरणार."

"आई, स्पष्ट विचारते," धाकटी म्हणाली. "वहिनीनं कागद वर ठेवला म्हणून तू सही केलीस का?"

"म्हणजे मी न वाचता सही करते, असं म्हणायचंय तुला?"

"नाही, तसं नाही..."

"मग कसं?"

धाकटीनं प्रश्न सोडून दिला. बाईंना त्या विजयाचा अजिबात आनंद झाला नाही. खरं सांगितलं तर सून अडकत होती आणि लाल शाईही जात होती. खोटं सांगितलं तर दोन्ही वाचत होत्या. त्यांनी खोटं निवडलं.

"कागद मला आवडला म्हणून सही केली. नीट केलेला आहे. तुम्ही चौघांनी पहिल्या रविवारी तो पुरता वाचलाही नव्हता." हे मात्र खरं होतं. "सहा वाजायच्या आत कळवून टाक, काही बदल नाही म्हणून."

"त्यांना ज्येष्ठ व्यक्तीची सही हवीय पुन्हा," थोरला म्हणाला. "संमतीपत्र आहे. पाण्यातली जोखीम वगैरे."

"आण."

त्यानं कागद पुढे ठेवला आणि बाईंनी खालचा कोपरा बोटानं चाचपला. "इथं," म्हणत जावई उठून आला आणि त्यानं त्यांच्या बोटाजवळ आपलं बोट टेकवलं. बाईंनी सही केली. वर 'वाचले' लिहिलं नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आणि खोकल्याच्या औषधाचं पत्रक," थोरला दुसरा कागद काढत म्हणाला. "लहान मुलांचं. सोमवारी सकाळी मशीनवर घ्यायचंय. आजच झालं तर खालची पोरं छपाईची प्लेट करून ठेवतील, मी सव्वासहापर्यंत थांबवलंय त्यांना."

जावयाच्या हातातला चष्मा टेबलावर पडला. काच फुटली नाही.

*

गॅलरीत बाई आणि जावई, दोघंच होती. रस्त्यावर समोरचा दुकानदार दाराशी पाणी मारत होता.

"आई, तीन आठवड्यांत किती पत्रकं पास केलीत?"

"तीन. भिंग लावून, एकेक अक्षर. दोन तासांचं काम दोन दिवस करत होते. तुम्ही घाबरू नका, ती बरोबर आहेत."

"आणि हे?"

बाईंनी गॅलरीच्या कठड्यावरून हात फिरवला.

"आई."

"गुरुवारपासून भिंगातही मधलं जातंय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, सहल आठ दिवसांवर आहे. तोवर काही ना काही सांगून ढकलू."

"लहान मुलांचं औषध आहे. त्यात थेंब लिहिलेत. पाचाचे पंधरा झाले तर..."

"मला सांगता? ते थेंब मी तुमच्या लग्नाआधीपासून मोजतेय!" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "सही गेली की मी या घरात काय आहे हो? खुर्चीत बसवतील आणि वाचून दाखवतील. वर्तमानपत्र."

"मी वचन दिलंय, पण ते सहलीचं होतं. याचं नाही."

"मग सांगणार?"

जावयानं रस्त्याकडे पाहिलं. तो शांत स्वभावाचा माणूस आहे. समोरच्याला दिसतं की नाही एवढंच आयुष्यभर विचारत आला आहे.

"सहापर्यंत तुम्ही काय करता ते बघतो," तो म्हणाला.

*

पाच वाजता बाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की आजचं पत्रक जोडीनं वाचलं जाईल. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवायची. त्या स्वतः सून म्हणून आल्या तेव्हा सासूसमोर बसून चार वर्षं अशाच मूळ वाचत होत्या. आता टिटवी वाचेल.

याचाही अर्थ प्रत्येकानं वेगळा लावला. सुनेला वाटलं, छापखाना आपल्या मुलीकडे जाणार. तिनं न विचारता दिवा जवळ आणून ठेवला. धाकटीला वाटलं, बघा, मी म्हणत होते तेच हे, आणि तिनं नवऱ्याला तसं कानात सांगितलं. थोरल्याला वाटलं, परीक्षा अजून चालूच आहे, आता पोरीची. जावयाला वाटलं, हे पुरेसं नाही. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला. तिथून वाचायची खोली दिसत नाही, पण ऐकू येतं.

टिटवीनं वाचायला सुरुवात केली. ती विरामचिन्हांसकट वाचत होती, आजीनं शिकवल्याप्रमाणे. "एक वर्षाखालील मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये, पूर्णविराम." समोर आजी बसली होती. पुढ्यात प्रूफ, उजव्या हाताचं बोट ओळीखालून सरकत होतं. डोकं किंचित डावीकडे वळलेलं.

सकाळपासून टिटवीच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. पाणथळाच्या कागदात तिच्या आईनं 'पाच रात्री' लिहिलं होतं आणि खाली मोज्यांच्या हिशेबात सहा दिवसांऐवजी चार दिवस धरले होते. टिटवीला ते सही झाल्यावर दिसलं. आजीच्या नजरेतून ते सुटलं होतं. आजीच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. तिनं बाबांना सांगितलं नव्हतं, कारण बाबांनी लगेच म्हटलं असतं, पेरलेली चूक आहे.

पेरायची कशी, हेही आजीनंच शिकवलं होतं.

"मात्रा, अपूर्णविराम," टिटवी वाचत होती. "एक ते तीन वर्षे, स्वल्पविराम, दिवसातून दोन वेळा..."

तिथं ती थांबली. वाक्याच्या मधेच. श्वास रोखून तिनं टेबलाकडे पाहिलं.

आजीचं बोट पुढे सरकत राहिलं. ओळ संपली तिथं वळलं, खालच्या ओळीवर आलं आणि त्याच संथ गतीनं निघालं. मग ते थबकलं.

जिन्यावर जावयानं मान वर केली.

"का थांबलीस?" बाईंनी विचारलं.

"घसा कोरडा पडला."

"पाणी पी."

टिटवी पाणी प्यायली, जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ. मग तिनं उठून आपल्या हातातलं हस्तलिखित आजीसमोर ठेवलं आणि आजीसमोरचं प्रूफ उचलून स्वतःकडे घेतलं.

"हे काय?"

"मी प्रूफ वाचते मोठ्यानं. तू ऐक. औषधाचा मजकूर तुला पाठ असतो ना, बाबा म्हणतात. चुकलं की अडव."

"अशी रीत नाही आपल्याकडे."

"माहितीये."

बाईंनी हस्तलिखितावर तळवा ठेवला. त्यांची नजर टिटवीच्या कानावर होती. टिटवीला पहिल्यांदाच कळलं की आजी आपल्याकडे बघायचा प्रयत्न करते आहे.

"वाच," बाई म्हणाल्या.

"एक ते तीन वर्षे, स्वल्पविराम, दिवसातून दोन वेळा पंधरा थेंब..."

"थांब. पाच."

टिटवीनं हस्तलिखित आजीच्या तळव्याखालून हळूच ओढून पाहिलं. पाच होतं. प्रुफात खरोखरच पंधरा होतं. तिनं काही पेरलेलं नव्हतं.

"पाच," ती म्हणाली, आणि आजीच्या पेनांच्या पेल्यातलं लाल पेन घेतलं. या घरात आजवर कुणी ते घेतलं नव्हतं. तिनं ते उघडलं नाही. नुसतं हातात धरून बसली. ते आपण उघडायचं की आजीच्या हातात द्यायचं, हे तिला ठरवता येईना.

सहाला पाच मिनिटं असताना संमतीपत्र रवाना झालं. काही बदल नाही, सहा माणसं, पाणथळ. सहा वाजता जावई पायरीवरून उठला आणि पुन्हा बसला. सव्वासहाला थोरल्यानं खालून हाक मारली, "आई, सही झाली का? पोरं थांबलीत!"

वरून टिटवीचा आवाज आला.

"थांबा. आम्ही वाचतोय अजून."

त्या वेळेपर्यंत पत्रकावर लाल शाई लागलेली नव्हती.